तुझ्याऐवजी आपटलेला हात

जुरेमा,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुमच्याकडे सातव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना करतात, आमच्याकडे तेरावा दिवस पाळतात. या दोहोंच्या मधल्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. समोर तुझी खुर्ची. बाहेर हॅम्बर्गचा नेहमीचा पाऊस, पडतो आहे की थांबला ते खिडकी उघडून पाहावं लागेल असा.

मी मराठीत लिहिते आहे. तू असतीस तरी तुला हे वाचता आलं नसतं. वाचतील ते इरा आणि निषाद, माझी नातवंडं, पुण्यात. परवा इराचा फोन आला. शाळेच्या वार्षिक अंकात तिला तुझ्यावर लिहायचं आहे. "माझ्या ज्युडोच्या बाई" असं शीर्षकही तिने ठरवून ठेवलंय. तिने विचारलं, "आजी, जुरेमा खेळायची थांबली ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ना?"

मी "हो" म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ ओटा पुसत राहिले. पुसायला काही नव्हतं.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना अशीच माहीत आहे. जुरेमाची मान दुखावली, डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद करायला सांगितलं, मग जुरेमा मुलांना शिकवायला लागली. यातला मधला तुकडा खरा नाही. तो मी तयार केला. आणि हे फक्त मलाच माहीत आहे, असं मी या फेब्रुवारीपर्यंत धरून चालले होते.

तर क्रमाने सांगते. मला क्रमाशिवाय काही सांगता येत नाही, यावरून तू मला पुष्कळ चिडवलंस.

तू आलीस ते २००१ साल. क्लब आमच्या रस्त्याच्या टोकाला, शाळेच्या मागच्या हॉलमध्ये. तिथल्या ट्रेनरने विचारलं, ब्राझीलहून एक खेळाडू जर्मन लीगमध्ये आमच्याकडून लढायला येते आहे, तुमची वरची खोली द्याल का. जड वजनगटातली आहे, म्हणाला. जड म्हणजे किती, मी विचारलं. अठ्ठ्याहत्तर किलोंच्या वर, म्हणाला, आणि वर कितीही.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा दारातला उजेड गेला, हे मी तुला पुढे सांगितलंही होतं आणि तू हसली होतीस. पण मला त्या दिवसातलं जे आठवतं ते निराळं. मी तुला बसायला सांगितलं. तू खुर्चीच्या पाठीवर तळहात दाबून पाहिलास, मग बैठकीवर, आणि मगच बसलीस. तीही अर्धी, भार पायांवर ठेवून. ही सवय या मुलीला किती लहानपणी लागली असेल, असं माझ्या मनात आलं. माझ्या नवऱ्याच्या, इरा-निषादच्या आजोबांच्याही आलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी, जन्मभर विमानांच्या सांगाड्यांवर काम केलेल्या माणसाने, ती खुर्ची केलरमध्ये, खालच्या तळघरात, नेली आणि खालून पोलादी पट्ट्या स्क्रूने बसवून आणली. काही महिन्यांनी फरशी पुसताना तू ती खुर्ची उलटी केलीस, पट्ट्या पाहिल्यास आणि परत सरळ ठेवलीस. त्या संध्याकाळपासून तू त्या खुर्चीवर पूर्ण बसायला लागलीस.

मी घराचे चौदा नियम इंग्रजीत टाइप करून तुझ्या दारामागे लावले होते. तीस वर्षं जर्मनीत राहिल्यावर माणूस असं करतो. तू ते उभ्याने वाचलेस, पेन मागितलंस आणि खाली सही केलीस. सही मी मागितली नव्हती. आठवडाभरात तू चौथा नियम मोडलास, खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत हा. ज्युडोचं जाकीट ओलं झालं की किती जड होतं, ते माझा कपडे वाळवायचा स्टँड वाकला तेव्हा मला कळलं.

"जुरेमा, हा नियम कशासाठी आहे, सांगू?"

"भिंतीला बुरशी येते. सही करण्याआधी मी वाचलंय, डोना मालती."

"मग?"

"केलरमध्ये दोन दिवस वाळत नाही. तुम्ही ओलं जाकीट घालून कधी कोणाला उचललंय?"

"नाही."

"मग चार-अ लिहा. ज्युडोचं जाकीट सोडून."

मी चार-अ लिहिला. तुझ्यासाठी नव्हे, तू त्या जाकिटाची घडी घालायचीस ती पाहून. बाह्या आत, दोन्ही कडा मध्यावर, मग तीन घड्या आणि वरून बेल्टची गाठ. गाठ तू न बघता मारायचीस. कपड्याला इतक्या आदराने हात लावणारी मुलगी बेशिस्त असणं शक्य नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. माझी ठरवून टाकायची सवय जुनीच.

आणि एकादशी आठवते? मी खिचडी घेऊन बसले होते. तू विचारलंस, हे काय.

"साबुदाणा. आज माझा उपास आहे."

"उपास म्हणजे जेवायचं नाही ना?"

"हो."

"आणि तुम्ही जेवताय."

"हे चालतं."

तू एक चमचा तोंडात घातलास आणि लगेच दुसरा. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी, तुमच्या बेलें शहरात, तुझी आई बाजारात टॅपिओकाची घावनं भाजून विकायची. ज्या कंदाची ती घावनं, त्याच कंदाचा आमचा साबुदाणा. "ही आमचीच आहे," तू म्हणालीस. "फक्त शेंगदाणे घालायचं माझ्या आईला सुचलं नाही." मग दुसरी ताटली घेतलीस आणि तिसऱ्या ताटलीच्या वेळी म्हणालीस, "तुमच्या धर्माचे नियम मला आवडले." पुढे लढतीच्या दिवशी तुझ्या पिशवीत खिचडीचा डबा ठरलेला. आजोबा म्हणायचे, "आमची पैलवान उपास करून लढते."

इरा-निषादने तुला फक्त शिकवताना पाहिलं, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते की तू लढायचीस कशी. लोकांना वाटतं, जड गटातल्या मुली नुसत्या एकमेकींना ढकलतात. तू ढकलायची नाहीस. तू वाट पाहायचीस. समोरचीने जोर लावला की एका अंगाला सरकून तिचा जोर तिलाच परत द्यायचीस, आणि ती एवढी मोठी बाई बिजागरीवरच्या दारासारखी तुझ्याभोवती फिरून पाठीवर पडायची. मॅटचा आवाज बाकावर माझ्या पायांत यायचा. आणि त्या वीस सेकंदांसाठी तू सकाळी नऊपासून थांबलेली असायचीस, कारण जड गट बहुधा शेवटी. अंग गार होऊ द्यायचं नाही, पोटभर खायचं नाही, दुसऱ्यांच्या लढती मनावर घ्यायच्या नाहीत. भिंतीला टेकून बेल्टचं टोक बोटांत फिरवत तू सहा-सहा तास बसायचीस. मी आयुष्यात इतकं चांगलं थांबणारं माणूस पाहिलं नाही.

एकदा मात्र तू खाली सापडलीस. समोरच्या मुलीने तुझ्याच जाकिटाच्या कॉलरने तुझा गळा आवळला. अशा वेळी हार मानल्याची खूण म्हणून दोनदा हात आपटायचा असतो, मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर. तो आपटला की पकड त्या क्षणी सुटते. तू आपटला नाहीस. तुझे पाय ढिले पडले, पंचाने लढत थांबवली, आणि तू डोळे उघडलेस तेव्हा माझ्या हातातला डबा केव्हाच खाली पडला होता.

घरी येताना एस-बानमध्ये, इथल्या लोकल गाडीत, मी तुझ्याशी भांडले.

"दोनदा हात आपटायला काय जातं गं?"

"जड गटात कोणी आपटत नाही."

"बेशुद्ध पडतात?"

"या, गेनाऊ." हो, अगदी बरोबर, एवढं जर्मन तुला तेव्हा येत होतं.

"आणि तुझ्या वतीने ट्रेनरने आपटला असता तर?"

"तर मी ट्रेनर बदलला असता."

समोर बसलेल्या बाई आपली छत्री जवळ ओढून आमच्याकडे पाहत होत्या. तो वाद आपण पुढे किती वेळा घातला. त्याचा निकाल लागला नाही.

आता २००३. तुमच्या देशातून एका वजनगटात ऑलिंपिकला एकच मुलगी जाते, आणि तू सात वर्षं दुसरी होतीस. "दुसरी म्हणजे पहिलीच्या सरावाची बाहुली," तू सांगायचीस, कडवटपणा न आणता. म्हणून तर तू इथे आली होतीस, इथे क्लबला तू एकच होतीस. त्या सप्टेंबरात बेलेंहून फोन आला. पहिलीने खेळ सोडला होता. एप्रिलमध्ये निवड चाचणी, आणि चाचणी जिंकली की ऑलिंपिक. तू जिन्यावरून धडधडत खाली आलीस आणि मला उचललंस. साठी उलटलेली बाई, साडीत, जमिनीपासून दोन फूट वर.

"खाली ठेव. शेगडीवर आमटी आहे."

"आमटी थांबेल, डोना मालती. आमटी एप्रिलपर्यंत थांबेल."

नोव्हेंबरात सरावात तू मानेवर पडलीस. दोन दिवस तू कोणाला काही सांगितलं नाहीस. मग एका सकाळी तुझ्या उजव्या हातातून कप सुटला. तू तुकडे गोळा केलेस, "साबण लागला होता" म्हणालीस. चौथ्या दिवशी, न बघता बेल्टची गाठ मारणाऱ्या तुला शर्टाचं बटण लावता येईना. "थंडी आहे," म्हणालीस. हीटर चालू होता. बटण मी लावलं. तुझी बोटं माझ्या हाताला लागली, ती तुझी वाटत नव्हती.

डॉक्टरांकडे मी तुझी दुभाषी म्हणून आले. तुझं जर्मन तेव्हा बाजारहाटापुरतं, इंग्रजी बऱ्यापैकी. मला त्या कामाचा अभिमान होता. वीस वर्षं मी एका जहाज कंपनीत जर्मन-इंग्रजी पत्रव्यवहार केला आणि कोणाच्या पत्रातला स्वल्पविरामही हलू दिला नाही.

डॉक्टर बराच वेळ बोलले. दोन मणक्यांमधली चकती सरकली आहे, मज्जातंतूवर दाब आहे. तीन महिने पूर्ण विश्रांती, मॅटवर पाऊल नाही. फेब्रुवारीत मानेच्या स्कॅनची नवी चित्रं काढू. दाब कमी झालेला दिसला तर पुन्हा खेळण्याचा विचार करता येईल. धोका राहील, पण "मी आज नाही म्हणत नाही." हे त्यांचे शब्द. अजून पाठ आहेत.

तू माझ्याकडे पाहत होतीस. फेब्रुवारी, आणि चाचणी एप्रिलमध्ये.

मी इंग्रजीत सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, आता संपलं. पुन्हा लढलीस तर हात कायमचे जातील."

तू भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "इतका वेळ बोलले ते. आणि एवढंच?"

"जर्मन भाषा लांबलचक असते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मला विचारलं, त्यांना सगळं समजलं ना. मी म्हणाले, "गेनाऊ."

आठवड्याने त्यांचा लेखी अहवाल टपालाने आला. मी तो उघडेन म्हणून तू पाकीट माझ्या हातातून काढून घेतलंस. "तेच पुन्हा ऐकायचं नाही मला," म्हणालीस आणि ते तुझ्या मोज्यांच्या खणात ठेवलंस, जिथे तुझी पदकंही होती.

मी असं का केलं, याचं एक उत्तर माझ्याकडे तयार होतं. तू तीन महिने थांबली नसतीस. गळा आवळला तरी हात न आपटणारी मुलगी सहा आठवड्यांत मॅटवर गेली असती आणि तिथून खुर्चीत आली असती, चाकांच्या. म्हणून तुझ्याऐवजी मी हात आपटला. हे उत्तर खोटं नाही. पण त्याच्यामागे दुसरं होतं. तू निवडली गेली असतीस तर परत आली नसतीस. श्रीरंग, माझा मुलगा, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला कामात बुडालेला, नातवंडं महिन्यातून एकदा दिसायची. वरच्या मजल्यावर पावलं वाजायची ती तुझी. या दुसऱ्या उत्तराकडे मी पाच वर्षं पाहिलं नाही.

आमच्याकडे थोरांनी धाकट्यांचं ठरवून टाकायचं आणि त्याला माया म्हणायचं, अशी रीत होती. माझ्या वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि पुढचं सगळं स्वतः ठरवलं, म्हणून मी त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते. त्या दवाखान्यात एका वाक्यात मी माझे वडील झाले.

त्याहून वाईट पुढे आहे, इरा-निषाद, तेही लिहिते. मार्च अर्धा सरला. तू सकाळी झगा घालून स्वयंपाकघरात आलीस, पट्टा बांधलास, माझ्याशी बोलत बोलत, न बघता. गाठ बरोबर बसली. तुझी बोटं परत आली होती. चाचणीला तीन आठवडे होते. मी ते पाहिलं आणि चहात साखर घातली, दोनदा. नवी चित्रं कधी काढलीच नाहीत. त्यांत काय दिसलं असतं ते मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही.

ऑलिंपिकमध्ये तुझ्या गटाच्या लढती होत्या त्या दुपारी तू आमच्याकडेच होतीस. आजोबांनी टीव्ही लावला, मग तुझ्याकडे पाहून आवाज बंद केला. तू स्वयंपाकघरात माझे साबुदाणे भिजवत बसलीस, एकेक मूठ पाण्याखाली धरून, गरज नसताना चार वेळा धुतलेस. "संपलं का?" तू आतून विचारलंस. "अजून नाही," आजोबा म्हणाले. "संपलं की सांगा." तू त्या दिवशी रडली असतीस तर मी सगळं सांगितलं असतं, असं मला वाटतं. तू खिचडी छान केली होतीस.

मग तू शिकवायला लागलीस. श्रीरंगचं कुटुंब आमच्या जवळ राहायला आलं, आणि इरा आणि निषाद दर गुरुवारी तुझ्या हॉलमध्ये. तू मराठी शब्द उचललेस, ती दोघं माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि मेघना, माझी सून, म्हणायची, "आई, घरात सगळ्यात चांगलं मराठी जुरेमा बोलते, आणि तिला पंधरा शब्द येतात." त्यातला एक "आजी". डोना मालती मागे पडली. तू पुढे दोन स्टेशनं पलीकडे स्वतःचं घर घेतलंस, पण गुरुवारचं जेवण इथेच, तुझ्या खुर्चीवर.

मुलांना तुझा पहिला धडा पडण्याचा, दुसरा हात आपटण्याचा. मला आश्चर्य वाटलं. "बॉम, छान, आता दोनदा. मोठ्याने. लाजायचं नाही." जी स्वतः कधी आपटत नव्हती ती वीस मुलांना ओळीने आपटायला लावत होती. मी बाकावर डबा घेऊन बसलेली असायचे.

इरा, तुला तो दिवस आठवत असेल. निषाद जेमतेम सहाचा, एका दणकट मुलाच्या खाली दाबला गेला होता. तू रांगेतून धावत आलीस आणि मॅटवर दोनदा हात आपटलास. त्या मुलाने गोंधळून निषादला सोडलं. आणि निषाद रडायला लागला, सुटला म्हणून नव्हे, "मी आपणच सुटणार होतो" म्हणून. जुरेमा, तू त्या दोघांच्या मध्ये मांडी घालून बसलीस.

"इरा, मान कोणाची होती?"

"त्याची."

"हात कोणाचा?"

"माझा."

"त्याला नकोय हे तुला कसं कळलं?"

"तो लाल झाला होता. मला भीती वाटली."

"म्हणजे भीती तुझी होती."

इरा खाली पाहायला लागली.

"आपल्याला भीती वाटली तर मला हाक मारायची. त्याचा हात त्यानेच आपटायचा. जाकिटाच्या आत काय चाललंय ते त्यालाच माहीत." मग तिच्या पाठीवर तुझा भलामोठा पंजा ठेवून तू म्हणालीस, "पण धावत आलीस ते चांगलं केलंस."

तू बाकाकडे पाहिलं नाहीस. मी मात्र डबा पिशवीत घालायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले.

दोन वर्षांपूर्वी श्रीरंगची कंपनी त्याला पुण्याला घेऊन गेली, मुलं गेली. गुरुवार तू चुकवला नाहीस. आणि या जानेवारीत तू अर्धी ताटली ठेवून उठलीस. तपासण्या झाल्या. फेब्रुवारीत इस्पितळातून तुझा फोन आला. "आजी, उद्या दहाला डॉक्टर बोलणार आहेत. दुभाषी म्हणून ये."

मला काही उमगेना. तुझं जर्मन तोवर माझ्याहून सफाईदार झालं होतं, शेजारपाजारच्यांशी तू "मोइन" असा नमस्कार करून इथल्याच उच्चारात गप्पा मारायचीस.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही उत्तम जर्मन बोलता."

"हो," तू म्हणालीस. "मला हिच्याकडून ऐकायचंय."

त्या बोलल्या. स्वादुपिंड, यकृतापर्यंत पसरलेलं. शस्त्रक्रिया शक्य नाही. औषधांनी दुखणं कमी करता येईल, आजार नाही. महिने म्हणता येणार नाहीत, आठवडे म्हणावे लागतील. त्यांना अतिशय वाईट वाटतंय. काही विचारायचं असेल तर त्या बसून राहतील.

तू माझ्याकडे पाहत होतीस, तसंच, त्या पहिल्या दवाखान्यातल्यासारखं. प्रत्येक शब्द तुला आधीच कळलेला होता. मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. स्वादुपिंड सांगितलं. यकृत सांगितलं. आठवडे सांगितलं. तिथे वाक्य तुटलं, मी पाणी प्याले आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, कारण अर्धं सांगितलेलं वाक्य म्हणजे भाषांतर नव्हे. त्यांना वाईट वाटतंय तेही सांगितलं. त्या बसून राहतील तेही.

तू मान हलवलीस. आणि म्हणालीस, "त्या इतका वेळ बोलल्या, आणि आज तूही तितकाच वेळ बोललीस."

मग मला कळलं. ते पाकीट तू केव्हातरी उघडलं होतंस. केव्हा, ते मी विचारलं नाही. जर्मन वाचता यायला लागल्यावर, म्हणजे बहुधा त्यानंतरच्या दोन वर्षांतच. म्हणजे मॅटवर इराशी बोललीस त्याच्याही आधी. म्हणजे कित्येक गुरुवार तू हे माहीत असून माझ्या समोर बसून जेवलीस.

"जुरेमा, त्या वेळी मी जे—"

तू माझ्या मनगटावर दोनदा हात आपटलास. जोर नव्हता हातात, पण दोनदा, स्पष्ट. जो हात तू आयुष्यात कोणासमोर आपटला नाहीस.

मी थांबले. नर्स आली, तिने सुई पाहिली, उशी सरळ केली. नंतरचे दिवस औषधांच्या गुंगीचे. तुझी बहीण बेलेंहून आली, तिला माझी भाषा येईना, मला तिची. आम्ही दोघी तुझ्या दोन बाजूंना बसून राहिलो. तेवीस मार्चला सकाळी तू गेलीस. निरोपाला क्लबची मुलं पांढऱ्या जाकिटांत ओळीने उभी होती. ट्रेनरने काही सांगण्याआधीच त्यांनी वाकून नमस्कार केला, तू शिकवलास तसा, डोळे खाली आणि घाई न करता.

बहिणीने तुझं एक जाकीट मला दिलं. माझ्याने त्याची घडी जमत नाही. बाह्या बाहेर येतात. मी ते खुर्चीवर ठेवलंय.

त्या दोन आपटण्यांचा अर्थ मी अकरा दिवस लावते आहे. तू मला माफ केलंस, की त्या विषयावर तुला ऐकायचंच नव्हतं? की तुला दमल्यामुळे शांतता हवी होती? एस-बानमधल्या वादासारखा हाही अर्धाच राहिला. "धावत आलीस ते चांगलं केलंस", यातलं थोडं माझ्यासाठी होतं का, हे तुला विचारायचं होतं. आणि तुझा एप्रिल मी घेतला, हे माझ्या तोंडाने सांगायचं होतं. तू सांगू दिलं नाहीस. म्हणून इथे सांगितलं.

इरा, फोनवर मी तुला "हो" म्हणाले ते खरं नव्हतं. खरं हे आहे. तुझ्या लेखात यातलं काय घ्यायचं, काय नाही, आणि आजीवर रागवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. निषाद, तुझं तू. मी कोणाच्या वतीने काही ठरवणार नाही. आणि या सुट्टीत आलात की मला त्या जाकिटाची घडी घालायला शिकवा.

जुरेमा, तुमच्या खेळात समोरच्याने दोनदा हात आपटला की पकड त्याच क्षणी सोडायची असते. मला वेळ लागतो आहे, तू समजून घे. पण एकेक बोट उघडते आहे.